‘गेट’ म्हणजे दरवाजा नव्हे!

मुलांनो, आज आधी एक कोडं. असं शहर कोणतं, की जिथं ‘गेट’ म्हणजे रस्ता आणि ‘बार’ म्हणजे दरवाजा? डोकं खाजवू नका, सांगूनच टाकते. यॉर्क! इंग्लंडच्या उत्तर भागातलं, ऊझ नदीकाठचं जुनं शहर. आम्ही राहतो त्या लीड्सहून आगगाडीनं जेमतेम अर्धा तास. गेल्या शनिवारी आम्ही सगळे तिथं जाऊन आलो.

पण त्याआधी घरची हकिगत. इथं येऊन आम्हाला आता आठ महिने झाले. थंडीची सवय झाली, डिसेंबरात दुपारी चार वाजता दिवे लावायचीही झाली. भाषेचं मात्र अजून जमायचंय. तुम्ही म्हणाल, इंग्रजीच ना? ते तर शाळेत शिकलोच की! आम्हीही तसंच म्हणत होतो. मग इथल्या लोकांनी ‘टी’ला बोलावलं. आम्हाला वाटलं चहा-बिस्किटं असतील, तर ते निघालं संध्याकाळचं साग्रसंगीत जेवण! ‘चिप्स’ म्हणजे तळलेल्या बटाट्याच्या जाड फोडी. आपल्या वेफर्सना इथं ‘क्रिस्प्स’ म्हणायचं. बसचा ड्रायव्हर तिकीट देताना आजीलाही ‘लव्ह’ म्हणतो आणि मलाही. पहिल्या दिवशी मी दचकलेच. आता कळलं, ते आपल्या ‘ताई-माई’सारखं आहे.

मोठ्यांचं असं हसण्यावारी जातं. लहानांचं जात नाही. आमची धाकटी नऊ वर्षांची. एकदा वर्गात ती ‘विंडो’ म्हणाली. आपल्याकडे ‘व’ एकच. इंग्रजीत दोन, व्हीचा वेगळा आणि डब्ल्यूचा वेगळा. एकाला दात ओठावर टेकवायचे, दुसऱ्याला ओठांचा चंबू करायचा. दोन मुलं फिसकन हसली, एवढंच झालं. पण त्या दिवसापासून बाईसाहेबांनी वर्गात तोंड उघडणंच बंद केलं. हात वर करणं नाही, उत्तर नाही. घरी पोपटासारखी बोलणारी मुलगी! शेवटी तिच्या शिक्षिकेनं मला बोलावून हळूच विचारलं, “हिला इंग्रजी समजतं ना?” काय सांगणार? परवापरवापर्यंत हे असंच चाललं होतं.

तर यॉर्क. स्टेशनाबाहेर पडलं की समोरच तटबंदी दिसते. सुमारे साडेतीन किलोमीटरचा हा तट अजून उभा आहे आणि त्यावरून चालता येतं. तटाच्या मोठ्या दरवाजांना म्हणायचं ‘बार’. मिकलगेट बार, मंक बार, बूथम बार, वॉमगेट बार. आणि आत शिरलात की रस्ते सगळे ‘गेट’. स्टोनगेट, कॉपरगेट, गुडरमगेट... हा घोटाळा व्हायकिंगांचा. त्यांच्या भाषेत रस्त्याला ‘गाता’ म्हणत, त्याचं झालं गेट.

हे शहरच मुळी बाहेरून आलेल्यांनी घडवलेलं. इ. स. ७१ मध्ये रोमन सैन्यानं इथं तळ ठोकला आणि नाव ठेवलं एबोराकम. पुढे ३०६ साली कॉन्स्टंटाइनला सैन्यानं सम्राट म्हणून जाहीर केलं, ते इथंच. रोमन गेले, अँग्लो-सॅक्सन आले, त्यांनी नावाचं केलं एओफोर्विक. ८६६ साली डेन्मार्ककडच्या व्हायकिंगांनी शहर जिंकलं, त्यांच्या तोंडी ते झालं योर्विक. ते झिजत झिजत यॉर्क! मला विचाराल तर प्रत्येकानं आधीच्यांचा उच्चार बिघडवला, आणि तोच पुढे बरोबर ठरला.

कॉपरगेटवर १९७६ ते १९८१ अशी पाच वर्षं उत्खनन चाललं होतं. व्हायकिंगांची घरं, कातडी जोडे, कंगवे, एक लोकरी मोजासुद्धा सापडला. आता त्याच जागी त्यांचं गाव पुन्हा उभं करून दाखवलंय. तिथं कुणा एका व्हायकिंगाची टणक झालेली विष्ठाही काचेत जपून ठेवली आहे. (नाकं मुरडू नका, तज्ज्ञांना त्यावरून त्या काळचं जेवण कळलं!)

तिथून बाहेर पडताना मी सहज सांगितलं, की ‘एग’, ‘नाइफ’, ‘स्काय’ हे इंग्रजीतले शब्द व्हायकिंगांच्या भाषेतून आलेत, आणि ‘विंडो’सुद्धा. मूळ शब्द ‘विंदाउगा’, म्हणजे वाऱ्याचा डोळा.

धाकटी थबकली. “म्हणजे विंडो इंग्लिश नाहीच?”

“आहे की. पण आला परक्यांबरोबर.”

मग तिला आजोबांनी शिकवलेला ‘गवाक्ष’ आठवला. गाईचा डोळा! खिडकीला डोळा म्हणावंसं दोन्हीकडच्या माणसांना वाटलं. आणि गंमत बघा, या पत्रात मी मघापासून ज्यांची अदलाबदल सांगतेय ते ‘दरवाजा’ आणि ‘रस्ता’ हे आपले शब्दही फारसीतून आलेले. बटाटा आणि चावी पोर्तुगिजांकडून.

दुपारी यॉर्क मिन्स्टर हे प्रचंड चर्च पाहिलं. १२२० साली सुरू झालेलं बांधकाम १४७२ साली पुरं झालं. जुलै १९८४ मध्ये आग लागून त्याच्या दक्षिण भागाचं छप्पर कोसळलं. तिथल्या गोल खिडकीच्या काचेला तडे जाऊन सुमारे चाळीस हजार तुकडे झाले, पण ते जागचे हलले नाहीत! नवं छप्पर करताना बीबीसीच्या ‘ब्लू पीटर’ या कार्यक्रमानं मुलांची स्पर्धा घेतली. छताच्या वाशांच्या जोडावर लाकडी नक्षीची गोल फुलं असतात, त्यांसाठी चित्रं काढायची. सहा मुलांची चित्रं निवडली गेली आणि ती कोरून छतावर बसवली. म्हणून या जुन्या चर्चच्या छतावर देवमासा आहे आणि चंद्रावर उतरलेला माणूसही आहे. मान दुखेपर्यंत आम्ही वर बघत होतो.

मग राहिला एक रस्ता. त्याचं नाव ‘व्हिप-मा-व्हॉप-मा-गेट’! शहरातला हा सगळ्यांत आखूड रस्ता. १५०५ साली त्याचं नाव याहूनही अवघड होतं आणि त्याचा अर्थ ‘काय हा रस्ता!’ असं तिथल्या पाटीवर लिहिलंय. मोबाइलमध्ये नकाशा होता, पण धाकटीला ते नाव तोंडानं म्हणायचंच होतं. मी काही बोलायच्या आत ती एका म्हाताऱ्या बाईंपुढे जाऊन उभी राहिली आणि एका दमात पत्ता विचारून मोकळी झाली. त्यात ‘व’ किती आले ते मोजा!

बाई हसल्या. पण वेगळं हसल्या. मग अस्सल यॉर्कशायरी थाटात भरभर काहीतरी बोलल्या. तिच्या बाबांना एक अक्षर कळलं नाही. मलाही नाही.

“त्या म्हणाल्या,” धाकटी आम्हाला मराठीत समजावू लागली, “पुढे डावीकडे वळा. आणि रस्त्यात शिंकू नका. शिंक संपेपर्यंत रस्ता संपलेला असेल.”

रेल्वे संग्रहालय मात्र पाहायचं राहिलं. १९३८ साली ताशी २०३ किलोमीटर धावलेलं ‘मॅलार्ड’ हे वाफेचं इंजिन तिथं आहे. त्यासाठी पुढच्या महिन्यात पुन्हा जाणार आहोत. तिकिटं काढायला खिडकीशी कोण जाणार, ते आत्तापासूनच ठरलंय.