उंची थांबते तेव्हा : राज्याच्या आरोग्य विभागाला खुले पत्र

प्रति,
सार्वजनिक आरोग्य विभाग, महाराष्ट्र शासन



राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची देशातली सुरुवात ६ फेब्रुवारी २०१३ रोजी पालघरला झाली. तेव्हापासून आपलं पथक वर्षातून एकदा शाळेत येतं, व्हरांड्यात वजनकाटा मांडतं, भिंतीला उंचीची पट्टी लावतं. आकडे तक्त्यात भरले जातात आणि गाडी पुढच्या शाळेकडे निघते. हे पत्र त्या दोन आकड्यांबद्दल आहे.

सातवीतली एखादी मुलगी डोळ्यांपुढे आणावी. पाचवीत ती प्रार्थनेच्या रांगेत मधोमध असायची, आता सगळ्यांत पुढे उभी असते. मागच्या वर्षीचा गणवेश यंदाही जसाच्या तसा बसतो. डबा ती न उघडताच परत आणते, कारण चार घास पोटात गेले की कळ येते आणि तासाला पुन्हा पुन्हा बाहेर जायचं म्हटलं की बाई रागावतात. घरी जंताची गोळी होते, दृष्ट काढून होते. ‘खाल्लेलं अंगीच लागत नाही हिच्या,’ असं आजी म्हणत राहते. शीतून रक्त पडतं, हे मात्र ती लाजेनं आईलाही सांगत नाही.

हा आयबीडी असू शकतो, म्हणजे आतड्याला वारंवार सूज आणि जखमा करणारा दीर्घकाळचा आजार. त्याचा एक प्रकार, अल्सरेटिव्ह कोलायटिस, मोठ्या आतड्याच्या अस्तरात राहतो. दुसरा, क्रोन्स, तोंडापासून गुदद्वारापर्यंत कुठेही होतो, पण त्याची आवडती जागा म्हणजे लहान आतड्याचं शेवटचं टोक. न्यूयॉर्कच्या क्रोन, गिन्झबर्ग आणि ओपनहायमर या डॉक्टरांनी १९३२ मध्ये त्याचं वर्णन केलं. मुलांमध्ये पोटाची तक्रार ठळक होण्याआधीच उंची अडते, असंही घडतं.

आपल्याकडे पेच आणखी अवघड आहे. आतड्याचा टीबी नेमका त्याच टोकाशी होतो. दुर्बिणीतून दिसणाऱ्या जखमा सारख्या, बायोप्सीही अनेकदा ठाम उत्तर देत नाही. म्हणून आधी एकेटी, म्हणजे टीबीचे औषधोपचार, सुरू होते. त्यात डॉक्टरांची चूक असतेच असं नाही. पण गुण येत नसतानाही महिने जात राहिले, तर ते मुलाच्या वाढीतून वजा होतात. हाडांची टोकं एकदा जुळली की राहिलेली उंची परत मिळत नाही.

वेळेत कळलं तर हाताशी उपाय आहेत. क्रोन्सच्या अनेक मुलांना सहा ते आठ आठवडे वरण-भात, पोळी-भाजी सगळं बंद करून फक्त विशिष्ट द्रव आहार देतात. त्यानं सूज उतरते आणि वाढ खुंटवणारी स्टिरॉइड्स टळू शकतात. आजार जोरात असेल तर इन्फ्लिक्सिमॅब, अडालिमुमॅबसारखी इंजेक्शनं आहेत.

बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या आजारांच्या यादीत आयबीडी नाही. तीव्र रक्तक्षय आहे. पण आतड्यातून रक्त जाणाऱ्या मुलाला नुसत्या लोहाच्या गोळ्या देऊन काय साधणार?

यादी वाढवा, असा हट्ट नाही. यंदाच्या उंची-वजनाशेजारी मागच्या वर्षीचे आकडे लिहावेत. वाढ अडलेली दिसली, तर परिचारिकेनं मुलाला बाजूला घेऊन तीन प्रश्न विचारावेत : शीतून रक्त पडतं का? रात्री शीसाठी उठावं लागतं का? पोट वरचेवर दुखतं का? एकाचंही उत्तर ‘हो’ आलं, तर ते मूल कार्यक्रमाच्या जिल्हा केंद्रामार्फत बालरोगतज्ज्ञांकडे आणि तिथून पोटविकारतज्ज्ञांकडे पोचावं.

येत्या जूनमध्ये शाळा उघडतील, तेव्हा पथकाच्या तक्त्यात एवढा एक रकाना असावा, ही विनंती.