शिपायाला विद्या कशाला?

मैंदर्गी हें सोलापूर जिल्ह्याच्या अगदीं कडेचें, अक्कलकोट तालुक्यांतील, नगरपालिका असलेलें लहानसें गांव. घरांत कानडी, कचेरींत मराठी आणि बाजारांत दोन्ही, असा तेथील नित्याचा व्यवहार. तेथून अक्कलकोटकडे जाणाऱ्या सडकेवर भल्या पहांटें उभें राहिलें, तर अंधारांतून धांवत येणारीं तरुण मुलें दिसतात. त्यांना पोलीस व्हावयाचें असतें. दिवस उजाडला म्हणजे त्यांतलीं कित्येक अक्कलकोटच्या वा सोलापूरच्या महाविद्यालयांत कला शाखेच्या वर्गांत जाऊन बसतात. बी. ए. कशासाठीं, असें विचारल्यास "भरती निघेपर्यंत" हें ठराविक उत्तर मिळतें. या उत्तरानें आम्ही अस्वस्थ होतों. परंतु त्यावरून शहाणे लोक जीं दोन अनुमानें काढतात, त्यांनीं अधिकच अस्वस्थ होतों.

पहिलें अनुमान असें कीं, शिपायाच्या जागेस बारावी पुरते. मग गरिबाच्या मुलानें तीन वर्षें पदवीच्या मागें कां दवडावीं? त्यानें धांवावें, गोळा फेकावा आणि प्रश्नसंच सोडवावे. दुसरें अनुमान याच्या उलट दिसतें: मुलांना पोलीसच व्हावयाचें आहे, तर महाविद्यालयांनीं इतिहास-वाङ्मयाचें लोढणें टाकून भरतीचे वर्ग चालवावे. आमच्या मतें दोन्ही अनुमानांचें मूळ एकच आहे. शिपायाला हातपाय असावे, डोकें असण्याची निकड नाहीं, ही ती समजूत होय.

आधीं वस्तुस्थिति पाहूं. आजच्या नियमाप्रमाणें महाराष्ट्रांत शिपाई-भरतीची मैदानी चांचणी ५० गुणांची असते: मुलग्यांना १६०० मीटर व मुलींना ८०० मीटर धांवणें, दोघांनाहि १०० मीटर धांवणें आणि गोळाफेक. तींत निम्मे गुण मिळवणाऱ्यांतून एका जागेस दहा या प्रमाणांत उमेदवार लेखी परीक्षेस बोलावले जातात. ती १०० गुणांची. विषय अंकगणित, बुद्धिमत्ता, सामान्यज्ञान व मराठी व्याकरण. सर्व प्रश्न पर्यायी उत्तरांचे. म्हणजे ज्याला पुढें जन्मभर जबाब आणि पंचनामे लिहावयाचे, त्याला निवडीच्या वेळीं एक सलग वाक्यहि लिहावें लागत नाहीं! जी परीक्षा हें विचारीत नाहीं, तिच्याच मापानें महाविद्यालय कापून घ्यावें, असें सांगणाऱ्यांनीं आपण काय सांगत आहों याचा विचार करावा.

पहिल्या पक्षाचें म्हणणें हृदयशून्य नाहीं, हें आम्ही मान्य करतों. कोरडवाहू शेतीवर जगणाऱ्या घराला पगार लवकर हवा असतो. परंतु २०२४ सालीं १७,४७१ जागांसाठीं सुमारें १७ लक्ष ७६ हजार अर्ज आले. म्हणजे एका जागेमागें शंभरांहून अधिक. २०१९ सालच्या जाहिरातीची लेखी परीक्षा तर २०२१ मध्यें झाली. खुल्या वर्गास वयाची मर्यादा २८ वर्षांची. तेव्हां "पदवी सोड आणि धांव" हा उपदेश शंभरांतील एकाला लाभेल. उरलेल्या नव्याण्णवांनीं अठ्ठाविसाव्या वर्षीं कोणत्या दारीं उभें राहावें, तें उपदेशक सांगत नाहींत. फौजदाराच्या परीक्षेचें दारहि पदवीवांचून उघडत नाहीं. ज्या सडकेवर मुलगा दहा वर्षें धांवला, तिच्या शेवटीं त्याच्या हातीं कांहींच नसावें, हें त्या गरीब घराच्या हिताचें कसें?

आतां दुसऱ्या पक्षाकडे वळूं. पोलिसाच्या कामांत विद्या कोठें लागते, असें ते विचारतात. मैंदर्गीसारख्या गांवची एक कानडी बोलणारी वृद्धा बांधाच्या भांडणाची फिर्याद घेऊन ठाण्यांत आली, अशी कल्पना करावी. कायदा सांगतो कीं, तोंडी दिलेली खबर लिहून घ्यावी, ती देणारास वाचून दाखवावी, मग तिची सही घ्यावी आणि तिला प्रत फुकट द्यावी. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेंत हें होतें. १ जुलै २०२४ पासून अमलांत आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेंतहि आहे. दखलपात्र गुन्ह्याची खबर नोंदवून घेतलीच पाहिजे, असें सर्वोच्च न्यायालयानें २०१३ सालीं ललिता कुमारी प्रकरणांत बजावलें आहे. परंतु ती वृद्धा जें कानडींत बोलली, तें मराठी कागदावर उतरणार कसें? "दारांत उभा राहिला" आणि "घरांत शिरला", "ढकललें" आणि "मारलें", यांत कायद्याच्या कलमाचें अंतर पडतें. लिहिणाराच्या मनांत पाप नसूनहि भाषेच्या दारिद्र्यानें निरपराध मनुष्य गुंततो, नाहीं तर अपराधी सुटतो. दोन भाषांमध्यें अर्थ न सांडतां ये-जा करणें हें कौशल्य आहे, आणि तें वाङ्मयाच्या वर्गांतच शिकावयाचें असतें. ज्याला लोढणें म्हणून टाकावयास निघालांत, तेंच ठाण्यांत कामास येणारें हत्यार आहे.

शिपायाला विद्या नको ही समजूत आपली स्वतःचीहि नव्हे. ती साहेबाच्या कचेरींतून आलेली आहे. लॉर्ड कर्झनच्या अमदानींत १९०२-०३ सालीं फ्रेझर यांच्या अध्यक्षतेखालीं पोलीस आयोग बसला. त्यानें पोलिसांवर कडक ठपका ठेवला, अधिकाऱ्यांच्या शिक्षणाची कळकळ दाखविली. पण शिपायाच्या वांट्यास पहारा, कैद्यांची ने-आण अशीं यांत्रिक कामेंच ठेविलीं. परक्या सत्तेला तेवढेंच हवें होतें. तिचें फळ सोलापुरानें पाहिलें आहे. मे १९३० मध्यें गोळीबार झाला, शहर पेटलें, लष्करी कायदा पुकारला गेला. आणि मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकृष्ण सारडा, जगन्नाथ शिंदे व कुर्बान हुसेन हे १२ जानेवारी १९३१ रोजीं येरवड्यास फांसावर गेले. त्या दंगलींत पोलीसहि मारले गेले, हें विसरून चालणार नाहीं. तेहि याच देशांतल्या गरीब घरांतले होते. जो तरुण उद्यां त्याच जिल्ह्यांत वर्दी चढविणार, त्याला त्या वर्दीचा हा इतिहास ठाऊक नसावा काय? सामान्यज्ञानाच्या पुस्तकांत त्याला चार हुतात्म्यांचीं नांवें आणि तारीख मिळेल. तसें कां घडलें, हें मात्र इतिहासाच्या वर्गांतच मिळेल.

येथें एक आक्षेप येईल कीं, पदवीधर पोलीसहि लांच घेतात आणि अशिक्षित पोलिसांतहि सज्जन असतात. खरें आहे. विद्या म्हणजे सद्गुण, असा आमचा दावा नाहीं. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्रीं हातांत केवळ लाठी असतां सहाय्यक फौजदार तुकाराम ओंबळे यांनीं जिवंत अतिरेक्याची बंदूक धरून ठेविली आणि प्राण दिला. तें धैर्य कोणत्याहि विद्यापीठांत शिकवितां येत नाहीं. परंतु प्राण देण्याचा प्रसंग क्वचित् येतो. जबाब लिहिण्याचा रोज येतो. रोजच्या प्रसंगाची तयारी करून देणें शिक्षणाच्या हातांत आहे, आणि तेवढ्यासाठींच आम्ही भांडत आहों.

मग महाविद्यालयांनीं करावें काय? मैदान पहांटें मोकळें ठेवावें, म्हणजे मुलांना सडकेवर मोटारींच्या उजेडांत धांवावें लागणार नाहीं. भरतीचे आंकडे पहिल्याच वर्षीं स्पष्ट सांगावे. वर्गांत राज्यघटनेचा मूलभूत हक्कांचा भाग टिपणांतून न शिकवतां मूळ शब्दांत वाचून घ्यावा. ऐकलेली हकीकत जशीच्या तशी लिहून काढण्याचा आणि कानडींतून मराठींत, मराठींतून कानडींत उतरविण्याचा सराव द्यावा. न्यायालयाचें काम एकदां तरी बसून पाहूं द्यावें. यास नवें विद्यापीठ लागत नाहीं, नव्या पदवीचें नांवहि लागत नाहीं. सरकारनें आपल्याकडून दोन गोष्टी कराव्या: भरतीचें वेळापत्रक ठरवून पाळावें, आणि लेखी परीक्षेंत निदान एक उतारा उमेदवाराच्या हातानें लिहून घ्यावा.

शेवटीं आमच्यासारख्या मासिकें वाचणाऱ्या वर्गास एक शब्द. ठाण्यांतल्या कागदाची मराठी वाचून आपण हसतों. आणि तोच शिपाई बी. ए. च्या वर्गांत बसूं लागला म्हणजे जागा अडवली म्हणून नाक मुरडतों. दोन्ही एकदम करण्याचा आपणांस अधिकार नाहीं. आपल्यावर, आपल्या शेजाऱ्यावर वाईट वेळ आली म्हणजे तिचा पहिला कागद लिहिणारा हात त्या पहांटेच्या धांवणाऱ्यांतल्याच कोणाचा तरी असणार. तो हात शिकलेला असावा, असें ज्यास वाटतें, त्यानें "शिपायाला विद्या कशाला?" हा प्रश्न पुन्हां तोंडांतून काढूं नये.