देवघराला दोष देऊ नका, पण मारहाणीला उपाय म्हणू नका



एकच प्रश्न माझ्याकडे दोन उलट्या तोंडांनी येतो. एक वडील मुलाला घेऊन येतात आणि म्हणतात, "डॉक्टर, याची आजी सारखं देवदेव करायची. पोथ्या, उपास, सोवळं. त्यानेच पोराच्या डोक्यावर परिणाम झाला." दुसऱ्या दिवशी एक आई येते. ती म्हणते, "नोकरीच्या धावपळीत आम्ही याला कधी देवापुढे बसवलं नाही. संस्कार कमी पडले, म्हणून असं झालं का हो?" दोन्ही मुलांना आजार एकच असतो, स्किझोफ्रेनिया.

तिसरा प्रश्न पेपरातली बातमी वाचून येतो. "धर्माच्या नावावर माणूस मारणारा माथेफिरूच असणार, नाही का?"

आज या तिन्ही प्रश्नांची उत्तरं देतो. काही जणांना ती आवडणार नाहीत. देव मानणाऱ्यांनाही नाही आणि न मानणाऱ्यांनाही नाही.

धार्मिक घरात वाढल्याने मानसिक आजार होतो का?

नाही. स्किझोफ्रेनिया साधारण शंभरातल्या एकाला आयुष्यात कधीतरी होतो. आई किंवा वडिलांपैकी एकाला असेल तर मुलाला होण्याची शक्यता दहा टक्क्यांच्या आसपास जाते. जुळ्या, अगदी एकसारख्या भावंडांपैकी एकाला असेल तर दुसऱ्याला होण्याची शक्यता चाळीस-पन्नास टक्क्यांपर्यंत असते. म्हणजे आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे. त्यात जन्माच्या वेळची गुंतागुंत, गांजासारखी नशा, लहानपणीचा छळ अशी कारणं मिळतात. आरती, हरिपाठ, नमाज किंवा रविवारची प्रार्थना या यादीत कुठेच नाही.

मग रुग्ण देवाबद्दलच का बोलतो? कारण आजार मेंदूत होतो, पण त्याला शब्द मिळतात ते घरातून आणि गावातून. आपल्या सातारा-सांगलीकडचा रुग्ण म्हणतो, भावकीने करणी केली, देवीने मला निवडलं. अमेरिकेतला रुग्ण म्हणतो, गुप्तहेर खातं माझ्या मागे आहे. मानववंशशास्त्रज्ञ तान्या लुहरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चेन्नई, घानाची राजधानी आक्रा आणि अमेरिकेतलं सॅन मटेओ इथल्या प्रत्येकी वीस रुग्णांना विचारलं, तुम्हाला ऐकू येणारे आवाज कसले असतात? अमेरिकेत ते बहुतेक शिवीगाळ करणारे, हिंसक होते. चेन्नईत बऱ्याच जणांना नातेवाईकांचे आवाज येत. ते कामाला लावत, ओरडत. आक्रात अनेकांना देव बोलताना ऐकू येई. आजार तोच, बोलणारा वेगळा. रुग्णाच्या तोंडी देवाचं नाव आहे म्हणून देवघर बंद केलंत, तर आजार बरा होणार नाही. फक्त उद्या तो मोबाईलमधून येणाऱ्या लहरींबद्दल बोलू लागेल.

ओसीडी म्हणजे मंत्रचळ या आजारातही हेच दिसतं. सोवळ्या घरातली बाई चार-चार तास अंघोळ करते. दुसऱ्याला देवापुढे हात जोडले की नेमके घाणेरडे विचार मनात येतात. तो बिचारा ते दहा-दहा वर्षं कुणाला सांगत नाही, कारण त्याला वाटतं आपण महापापी आहोत. विचार आजारामुळे येतात. पण ते लपवायला लावणारी भीती मात्र शिकवलेली असते. हा फरक लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

अंगात येणं म्हणजे वेड का?

मांढरदेवीला काळूबाईच्या यात्रेत तुम्ही घुमणाऱ्या बाया पाहिल्या असतील. त्या सगळ्या मनोरुग्ण नसतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या आजारांच्या यादीत 'झपाटल्याची अवस्था' हा आजार आहे. पण तिथे स्पष्ट अट आहे की समाजमान्य धार्मिक प्रथेचा भाग म्हणून जे घडतं त्याला आजार म्हणायचं नाही. यात्रेत वारं आलं, अर्ध्या तासात उतरलं, बाई घरी जाऊन भाकरी थापायला लागली, तर तिला माझ्या गोळ्यांची गरज नाही. पण तीच बाई कुठेही, कधीही, इच्छा नसताना घुमू लागली, झोप गेली, घरकाम सुटलं, तर मात्र तपासणी हवी. आणि बऱ्याचदा तिच्या मनात काय साचलंय हे घरात पहिल्यांदाच कुणीतरी विचारायला हवं असतं.

अभ्यास काय सांगतात?

इथे दोन्ही बाजू आपल्या सोयीचं उचलतात. २०१५ साली सहा देशांतल्या १,१७० मुलांचा एक अभ्यास गाजला. धार्मिक घरातली मुलं कमी उदार आणि शिक्षा देण्याच्या बाबतीत जास्त कडक, असा निष्कर्ष होता. नास्तिक मित्रांनी तो उत्साहाने फिरवला. नंतर दुसऱ्या संशोधकांनी आकडे तपासले तेव्हा देशांची वर्गवारी करताना चूक झाल्याचं निघालं आणि २०१९ मध्ये तो अभ्यास मागे घेतला गेला. ही दुसरी बातमी किती जणांनी फिरवली?

उलट बाजूला हार्वर्डचा २०१८ चा अभ्यास आहे. लहानपणी दर आठवड्याला प्रार्थनेला जाणारी मुलं तरुणपणी थोडी जास्त समाधानी आणि नशेपासून जास्त दूर असल्याचं त्यात दिसलं. देव मानणाऱ्यांनी लगेच नाचू नये. ती मुलं अमेरिकन होती, आणि अशा अभ्यासातून फायदा देवाचा, सोबतीचा की शिस्तीचा हे वेगळं काढता येत नाही. लोणंद-फलटणच्या रस्त्याने वारीत चालणाऱ्या माणसाला बरं वाटतं यात मला शंका नाही. पण वारी म्हणजे लिथियमची गोळी नव्हे.

आता हिंसेबद्दल

डॉ. नरेंद्र दाभोलकर आपल्याच मातीतले. जन्म साताऱ्याचा, कॉलेज सांगलीचं विलिंग्डन, एमबीबीएस मिरजेचं. साताऱ्यात बारा वर्षं दवाखाना चालवला, पुढे 'परिवर्तन' हे व्यसनमुक्तीचं काम उभं केलं. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात सकाळी फिरायला गेले असताना त्यांना गोळ्या घालण्यात आल्या. त्या आठवड्यात पारावर, एसटीत एकच शब्द ऐकू येत होता: माथेफिरू.

मला या शब्दाचा राग आहे. १० मे २०२४ रोजी पुण्याच्या विशेष न्यायालयाने दोघांना जन्मठेप दिली, तिघांना निर्दोष सोडलं. ज्यांना शिक्षा झाली ते मनोरुग्ण म्हणून नव्हे, खून करणारे म्हणून दोषी ठरले. माणसाला आपण काय करतोय हे आजारामुळे कळत नसेल तर कायद्यात त्याच्यासाठी वेगळी तरतूद आहे. माणसाची फिरण्याची वेळ आणि रस्ता हेरून गोळ्या घालून पळून जाणं त्यात बसत नाही. असं कृत्य करायला द्वेष लागतो, तो पेरणारं कुणीतरी लागतं आणि डोकं शाबूत लागतं. त्याला माथेफिरू म्हटलं की दोन अन्याय होतात. पेरणारा सुटतो, आणि माझ्या ओपीडीबाहेर मान खाली घालून बसलेला निरुपद्रवी रुग्ण खुन्यांच्या रांगेत जाऊन बसतो.

म्हैसाळ आठवा. मिरज तालुक्यातल्या या गावात २० जून २०२२ रोजी दोन भावांच्या घरांत नऊ मृतदेह सापडले. आधी कर्जापायी सामूहिक आत्महत्या असं वाटलं. नंतर पोलिसांनी गुप्तधनाचं आमिष दाखवणाऱ्या मांत्रिकावर विष दिल्याचा आरोप ठेवला. त्या आरोपात वेड कुठे आहे? त्यात पैसा आहे, आणि गुप्तधन निघतं हा विश्वास आहे.

गंभीर मानसिक आजारात हिंसेचा धोका थोडा वाढतो, हे मी लपवणार नाही. विशेषतः उपचार नसताना आणि जोडीला दारू किंवा गांजा असताना. पण प्रमाण समजून घ्या. स्वीडनमध्ये १९८८ ते २००० या काळातल्या सगळ्या नोंदी तपासल्या, तेव्हा एकूण हिंसक गुन्ह्यांपैकी साधारण पाच टक्के गुन्हे गंभीर मानसिक आजाराच्या खात्यावर टाकता आले. उरलेले पंचाण्णव टक्के तुमच्या-माझ्यासारख्या 'शहाण्या' माणसांचे.

मग संस्कारांचा काहीच दोष नाही?

आहे. पण आपण शोधतो तिथे नाही.

एक चित्र सांगतो. ते एका घरातलं नाही, अनेक घरांतलं मिळून आहे. वीस वर्षांचा मुलगा रात्रभर जागतो, एकटाच पुटपुटतो. घरचे म्हणतात, बाहेरचं झालंय. आधी देवरशी. लिंबू, अंगारा, कोंबडं. मग दुसरा देवरशी, लांबचा. तिसरा सांगतो, अंगातलं भूत हट्टी आहे, मारल्याशिवाय निघायचं नाही. चुलता हात धरतो, बाप पाय धरतो. मिरचीची धुरी होते. माझ्यापर्यंत मुलगा येतो तेव्हा दीड वर्ष गेलेलं असतं आणि पाठीवर वळ असतात. कागदावर 'हिंसक रुग्ण' असं लिहिलेलं असतं, कारण धुरी देताना त्याने चुलत्याला ढकललं.

या खोलीत हिंसक कोण होतं, ते तुम्हीच ठरवा.

त्या चुलत्याला कुणी दुष्ट म्हणणार नाही. त्याचा पुतण्यावर जीव असतो. पण लहानपणापासून तो शिकलेला असतो की असं दिसलं तर आधी देवरशाकडे जायचं, प्रश्न विचारायचा नाही, आणि भुताला मारलं तर माणसाला लागत नाही. संस्कारांचा खरा परिणाम हा आहे. आजार ते देत नाहीत, पण आजार आल्यावर पाय कुठे वळायचे हे ते ठरवतात. आणि उपचाराविना जितके जास्त महिने जातात तितका स्किझोफ्रेनिया बरा व्हायला जड जातो. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात (महाराष्ट्र त्या बारा राज्यांत नव्हता) वेगवेगळ्या आजारांत ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचारांशिवाय आढळले.

दुसरा परिणाम मुलांवर होतो. छळ, मारहाण, हेळसांड सोसलेल्या मुलांना पुढे सायकोसिस होण्याचा धोका सुमारे पावणेतीन पट दिसतो. देवाचं नाव घेऊन मारलं म्हणून वळ कमी उठत नाही. "देव डोळे काढेल", "तुझ्यामुळे कोप झाला" असं रोज ऐकणारं मूल भक्त होत नाही, भित्रं होतं. आणि भित्रं मूल मनातलं सांगत नाही.

"डॉक्टर, तुम्ही आमच्या धर्मात ढवळाढवळ करताय," असं कुणी म्हणेल. मी म्हणेन, आपला कायदा वाचा. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात पहिलंच कलम भूत उतरवण्याच्या बहाण्याने बांधणं, मारणं, मिरचीची धुरी देणं, चटके देणं याबद्दल आहे. शिक्षा सहा महिने ते सात वर्षं. आणि त्याच कायद्यात वारी, प्रदक्षिणा, भजन, कीर्तन, प्रवचन याला हात लावलेला नाही. श्रद्धा आणि छळ यांच्यातली रेघ विधिमंडळाला दिसली, ती आपल्याला का दिसू नये? २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णाला साखळीने बांधायलाही पूर्ण बंदी केली आहे. ही बंदी का लागते ते तमिळनाडूत एरवाडीला ६ ऑगस्ट २००१ रोजी दिसलं. दर्ग्याजवळच्या एका आसऱ्यात आग लागली. साखळदंडाने बांधलेले २८ रुग्ण पळूच शकले नाहीत.

देवस्थानं उपचाराच्या आड येतातच असंही नाही. गुजरातमध्ये मीरा दातार दर्ग्याच्या परिसरात 'दवा और दुआ' नावाने मानसोपचाराची ओपीडी चालवली गेली. मुजावर दुआ देतात आणि डॉक्टरकडेही पाठवतात. आपल्याकडचा पुजारी, मुल्ला, देवरशी हे करू शकणार नाही का?

तुम्ही काय कराल?

नवस बोला, अंगारा लावा, माझी हरकत नाही. पण दोन आठवडे झोप नाही, संशय, एकट्याने बोलणं, जेवण सुटणं असं दिसलं तर त्याच आठवड्यात डॉक्टरला दाखवा. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार तज्ज्ञ मिळतात. फोनवर बोलायचं असेल तर टेलि-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे, मराठीतही बोलतात. गोळ्या सुरू झाल्या तर देवाच्या नावावर किंवा माझ्यावरच्या रागाने मध्येच बंद करू नका. रुग्ण अंगावर धावून जात असेल किंवा जिवाचं काही बोलत असेल तर वाट पाहू नका, जवळच्या दवाखान्यात न्या. कुणी त्याला बांधत किंवा मारत असेल तर मध्ये पडा आणि ११२ ला फोन करा. आणि खुन्याला माथेफिरू म्हणणं आजपासून बंद करा.

सुरुवातीच्या त्या आईला मी एवढंच सांगितलं, "बाई, तुमचं काही चुकलं नाही. तुम्ही वेळेवर आणलंत." आजीला दोष देणाऱ्या वडिलांनाही हेच सांगितलं. फक्त त्यांना विचारावं लागलं, "आजीच्या पोथीने त्याला काही झालं नाही. पण गेल्या वर्षभरात त्याच्या अंगावर हात कुणी टाकला?"

ते बराच वेळ काही बोलले नाहीत.