पेपरचं लोणचं घालायचंय का?

तुमचाही एखादा रिसर्च पेपर कुठल्यातरी जर्नलच्या पोर्टलवर ‘अंडर रिव्ह्यू’ म्हणून पडून आहे का? माझा होता. तब्बल अकरा महिने! डेझर्टेशनवरून सरांबरोबर लिहिलेला, कॉलेजची मुलं बातम्या रील्समधून कशा बघतात यावरचा पेपर. पोचपावतीचा मेल आला आणि मग सगळं चिडीचूप. चार रिमाइंडर पाठवले, उत्तर एकालाही नाही.

सगळे म्हणाले, ‘थांब गं, संपादकांना कशाला दुखावतेस?’ मी थांबले आणि तिथेच चुकले. तोवर माझा डेटा जुना होत चालला होता.

मान्य, रिव्ह्यूला वेळ लागतो. रिव्ह्यूअर बहुतेकदा मानधनाशिवाय वाचतात. पण उशीर वेगळा आणि मौन वेगळं. एक पेपर एका वेळी एकाच जर्नलला द्यायचा, हा नियम आपण पाळतो ना? मग दोन ओळींचं उत्तर मागणं उद्धटपणा कसा?

मात्र वैतागून गुपचूप दुसरीकडे पाठवू नका. दोन्हीकडे छापून आला तर ठपका तुमच्यावरच. आधी सहलेखकांची संमती घ्या. मग संपादकांना मेल करा : पेपरचा आयडी, सबमिशनची तारीख, आधीच्या मेल्सच्या तारखा आणि ‘अमुक तारखेपर्यंत उत्तर न आल्यास पेपर मागे घेत आहोत’ हे स्पष्ट वाक्य. तरीही शांतता? मग मुख्य संपादक आणि प्रकाशक दोघांनाही पेपर मागे घेतल्याचं पत्र पाठवा आणि लेखी दुजोरा मागा. जर्नल ‘कोप’ या प्रकाशन-नीतिमत्तेच्या संस्थेचं सदस्य असेल, तर जर्नलकडे तक्रार करून झाल्यावर तिथेही दाद मागता येते. पेपर सोडायला कुणी ‘फी’ मागितली, तर समजून जा, जर्नल निवडतानाच गडबड झालीय.

यूजीसीने २०२२च्या नियमांत पीएचडीआधी पेपर छापण्याची सक्ती काढली, २०२५मध्ये ‘केअर’ यादीही बंद केली. म्हणजे जर्नल पारखायची जबाबदारी आता आपल्यावर आणि आपल्या कॉलेजवर जास्त आहे. गाइडने हे शिकवावं आणि आपणही विचारायला लाजू नये.

पेपर मागे घेऊया, हे सरांना सांगताना माझे हातपाय गार पडले होते. सर म्हणाले, ‘अगं, मीही तुझ्याच बोलण्याची वाट बघत होतो.’ म्हणजे दोघंही गप्प, आणि जर्नलही गप्प!

तेव्हा आज एवढंच करा. सेंट मेल उघडा, पेपर पाठवल्याची तारीख बघा. सहा महिने उलटलेत? मग गाइडला आजच फोन लावा.