अंगण की कुंपण?

मुलीला महिला महाविद्यालयात घालायचे ठरले की आमचे पालक प्राचार्यांना पहिला प्रश्न कोणता विचारतात? ग्रंथालय कसे आहे, शिकवते कोण, हा नव्हे. "वसतिगृहाचे दार किती वाजता बंद होते?" हा! दार जितके लवकर बंद, तितके कॉलेज चांगले, अशी आमची परीक्षा.

महाराष्ट्रात ज्यांनी हा संसार मांडला, त्यांनी तो कुलपासाठी मांडला नव्हता. अण्णासाहेब कर्व्यांनी १८९६ साली पुण्यात अनाथ बालिकाश्रम काढला आणि १९०० साली तो हिंगण्याच्या माळावर झोपडीत नेला. तेथे येणाऱ्या विधवांना घरी बंदोबस्ताची उणीव होती थोडीच! माजघरासारखी बंदिस्त जागा दुसरी कोणती? नुसती सुरक्षितताच हवी असती, तर हिंगण्याची वाट धरण्याचे कारणच नव्हते. त्या आल्या त्या स्वतःच्या पायांवर उभ्या राहायला. त्यांच्यातल्याच पार्वतीबाई आठवले आश्रमासाठी वर्गणी गोळा करीत गावोगाव हिंडल्या आणि १९१८ साली थेट अमेरिकेला निघाल्या. पुढे १९१६ साली कर्व्यांनी मातृभाषेतून शिकवणारे महिला विद्यापीठ काढले, तेही याच हेतूने.

कोणी म्हणेल, "जग वाईट आहे, काळजी करू नये की काय?" जरूर करावी. रस्त्यावर दिवे मागा, उशिरापर्यंत बस मागा. पण वाईट वागणारा बाहेर मोकळा आणि शिकणारी मुलगी आत कोंडलेली, हा न्याय कुठला? मुलांच्या वसतिगृहाला असले कुलूप लावण्याची मागणी किती बाप करतात?

वसतिगृह ही शिक्षणाची अर्धी शाळा आहे. भोजनगृहाचा हिशेब ठेवणे, तापाने फणफणलेल्या मैत्रिणीसाठी रात्र जागणे, चाळीसजणींच्या सभेत आपले मत मांडणे आणि पडले तर हसून सोडून देणे, हे कोणत्या पुस्तकात शिकवतात? घरात 'धाकटी' म्हणून गप्प बसवलेली मुलगी तेथे नागरिक होते. तिला त्यासाठी अंगण हवे. आपण कुंपणाची उंची मोजत बसलो आहोत.

लेक दिवाळीच्या फराळाला घरी येईल, तेव्हा तिला एवढेच विचारा, की ग्रंथालय रात्री किती वाजेपर्यंत उघडे असते? लवकर मिटत असेल, तर चार पालकांनी मिळून प्राचार्यांकडे अर्ज करा. यंदाची ओवाळणी तीच असू द्या.