दिवसाची वीज, संध्याकाळचा प्रश्न

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात वैजापूर तालुक्यातील धोंदलगाव येथे २०२४ साली ३ मेगावॅटचा सौर प्रकल्प सुरू झाला आणि सुमारे पावणेदोन हजार शेतकऱ्यांच्या पंपांना दिवसा वीज मिळू लागली. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेच्या दुसऱ्या टप्प्यातील हा पहिला प्रकल्प होय. विंचूकाट्याचे आणि बिबट्याचे भय सोसून रात्री दारे धरणाऱ्या शेतकऱ्याला दिवसा वीज मिळणे ही कोणाची मेहेरबानी नव्हे. त्याच्या न्याय्य मागणीला उशिरा मिळालेली ती मान्यता आहे.

अर्थशास्त्राच्या दृष्टीनेही योजनेत शहाणपण आहे. वीज निर्माण होते त्याच क्षणी ती वापरली जावी लागते. मागणी-पुरवठ्याचा तोल सुटला की विद्युत जाळ्याची ५० हर्ट्झची वारंवारता ढळते. पिकाला पाणी मात्र रात्रीऐवजी दुपारी देता येते. उपकेंद्राजवळ निर्माण झालेली वीज दुपारीच पंपांनी वापरली, तर पारेषणाचा खर्च आणि गळती दोन्ही वाचतात. राजस्थानात २०२५ साली पारेषण वाहिन्या अपुऱ्या पडल्याने निर्माण होऊ शकणारी सौर वीज सोडून द्यावी लागली, हा धडा ताजा आहे.

परंतु राज्याचे उद्दिष्ट १६,००० मेगावॅटचे आहे. पावसाळ्यात पंप बंद असताना दुपारच्या विजेचे काय करायचे? आणि सूर्य मावळताच घरोघरी दिवे लागतात, तेव्हा वीज कोठून आणायची? कोळशाचे संच दुपारी मंदावून संध्याकाळी झपाट्याने चढवले, तर इंधनाचा खर्च आणि यंत्रांची झीज वाढते. तो बोजा अखेर वीजबिलातच उतरतो.

यावर उपाय साठवणुकीचा. पाणी वर चढवून संध्याकाळी त्यावर वीज निर्माण करण्याची कल्पना महाराष्ट्राला नवी नाही. पैठणला जायकवाडी धरणावर असे १२ मेगावॅटचे यंत्र १९८४ सालीच बसले. घाटघरचे २५० मेगावॅटचे केंद्रही सार्वजनिक पैशातूनच उभे राहिले. अलीकडे मात्र अशा प्रकल्पांचे करार मोठ्या प्रमाणावर खासगी कंपन्यांशी झाले आहेत. दुपारची स्वस्त वीज साठवून संध्याकाळी चढ्या भावाने विकण्याची मुभा ज्याला मिळेल, त्याच्या हाती उद्याच्या विजेची किल्ली जाईल.

म्हणून प्रत्येक नव्या सौर प्रकल्पाबरोबर साठवणुकीची आणि वाहिन्यांची योजना जाहीर झाली पाहिजे, आणि साठवणुकीची मालकी सार्वजनिक राहिली पाहिजे. शेतकऱ्याला दिवसा मिळालेला न्याय संध्याकाळी सामान्य ग्राहकाच्या खिशातून वसूल होऊ नये, ही जबाबदारी सरकारची आहे.