धोका, बदला आणि एक सही

पहिल्या मिनिटाला नवरा बायकोला घराबाहेर काढतो. दुसऱ्या मिनिटाला ती पावसात. तिसऱ्या मिनिटाला ती काळ्या चकचकीत गाडीतून उतरते आणि नवऱ्याची अख्खी कंपनीच विकत घेते! मोबाइलवरचे हे उभे मिनी-ड्रामे तुम्हीही बघता, लाजू नका. लिफ्टमध्ये, कॅबमध्ये, मीटिंग चालू असताना टेबलाखाली... नेमकी थप्पड बसणार तेवढ्यात पुढच्या भागाचे पैसे मागतात आणि आपण गुपचूप भरतो.

आपल्या आयांना एवढी घाई नव्हती. 'चार दिवस सासूचे' २००१ मध्ये सुरू झाली, तेव्हा मी बालवाडीत होते. २०१३ मध्ये संपली, तेव्हा माझं दहावीचं वर्ष होतं. भाग तीन हजारांहून जास्त! मग २०१६ मध्ये आली 'माझ्या नवऱ्याची बायको'. नागपूरची राधिका, तिला फसवणारा गुरुनाथ आणि मधे शनाया. राधिकानं रडणं थांबवून मसाल्यांचा धंदा उभा केला आणि नवऱ्याला पुरतं वठणीवर आणलं. आमच्या वऱ्हाडात ती सॉल्लिड हिट, कारण आमच्यासारखं बोलणारी बाई टीव्हीवर चक्क हिरॉइन होती!

तिची नंबर वन फॅन म्हणजे माझी अमरावतीची आत्या. मालिका २०२१ मध्ये संपली, पण तिचे जुने भाग बघणं संपलेलं नाही. गेल्या भाऊबीजेला ती अकोल्याला आमच्याकडे आली होती. हातात चिवड्याची वाटी, समोर मोबाइल. "पाह्य, आता कशी जिरवते त्याची!"

मी सहज विचारलं, "आत्या, तू असतीस तर?"

तिनं आवाज कमी केला. "मी त सही करून देली न वं."

२०११ ची गोष्ट. आजोबा नुकतेच गेले होते. मूर्तिजापूरजवळचं वडिलोपार्जित कापसाचं शेत. ना ढँटॅढँ म्युझिक, ना कुणी डोळे बारीक केले. चहा आला, मागोमाग कागद आला आणि बाबा म्हणाले, "ताई, इथं सही कर." त्या कागदाचं नाव हक्कसोडपत्र. बदल्यात एक साडी.

"मंग काय करू? माहेर तुटलं असतं न माय."

आता ट्विस्ट ऐका. या सीरियलचा व्हिलन म्हणजे माझे बाबा, ज्यांनी त्याच शेताच्या पैशातून माझी मास कॉमची फी भरली. म्हणजे मी कोण? त्या रात्री मला एकही मिनी-ड्रामा बघवला नाही.

वाचून काढलं तेव्हा कळलं, हिंदू वारसा कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीनं वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच जन्मतः हक्क दिलाय. २०२० मध्ये सुप्रीम कोर्टानं हेही स्पष्ट केलं, की त्यासाठी दुरुस्तीच्या वेळी वडील हयात असण्याची गरज नाही. म्हणजे आत्यानं सही केली तेव्हा कायदा तिच्या बाजूनं होता. पण रजिस्टर झालेलं हक्कसोडपत्र सहजी मागे घेता येत नाही. फसवणूक किंवा जबरदस्ती झाली, हे कोर्टात सिद्ध करावं लागतं. आणि भावानं चहा पाजून गोड बोलून घेतलेली सही... तिला काय म्हणणार?

दुसऱ्या दिवशी निघताना बाबा म्हणाले, "पुढच्या वेळी येशील तेव्हा तुझीही एक सही लागेल. दादाचं काम आहे."

"कागद आधी पाठवा बाबा. वाचून सांगते."

सीरियल असती तर कॅमेरा तीनदा प्रत्येकाच्या तोंडावर गेला असता. इथं फक्त पंख्याचा आवाज. आत्या काहीच बोलली नाही. डब्यातला उरलेला चिवडा तेवढा तिनं माझ्या बॅगेत कोंबला.

कागद अजून आलेला नाही. आला की मी काय करीन, मलाही माहीत नाही. राधिका होणं सोपं नसतं, कारण समोर गुरुनाथ नसतो, बाबा असतात. पण न वाचता सही नाही, एवढं नक्की.

तेव्हा मैत्रिणींनो, पुढचा भाग लावण्याआधी घरचा सातबारा एकदा बघून घ्या. तो ऑनलाइन दिसतो आणि ऐन क्षणी पैसेही मागत नाही!